तणांची मुळे आणि तणनाशकांची ये-जा

पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाने तणांविषयी लिहावे याचे तुम्हांला आश्चर्य वाटेल. पण त्याला कारण घडले ते असे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या महाविद्यालयातील पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थी तास संपल्यावर माझ्याकडे आला. घरची शेती. त्याच्या वडिलांनी मृगाच्या पावसावर मका पेरला आणि पेरणीनंतर दुसऱ्याच दिवशी शेतात ॲट्राझीन हे तणनाशक फवारले. पुढे पावसाने दडी मारली. मका विरळ उगवला, म्हणून महिन्याभराने त्याच रानात दुबार पेरणी केली, ती मात्र सोयाबीनची. सोयाबीन उगवले छान. पण तिसरे-चौथे पान येते न येते तोच खालची पाने कडेने पिवळी पडून करपू लागली.

"सर, अण्णा म्हणतात, विहिरीला पाणी आहे, तर रानात पाणी सोडून द्यावे. मुळांत गेलेले औषध धुऊन निघेल. निघेल का हो?"

प्रश्न साधा होता, पण त्यावर एका घराचा हंगाम अवलंबून होता. उत्तर चटकन देता येईना. दोन-तीन दिवस पुस्तके चाळली, वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांशी बोललो, आणि ध्यानात आले की हा प्रश्न जितका शेतीचा आहे तितकाच पदार्थविज्ञानाचाही आहे. तणनाशक मुळात शिरते कसे, आणि शिरलेले बाहेर पडते का? चला, आपण क्रमाने पाहू.

मुळाला तोंड नसते

'मुळे अन्न खातात' असे आपण सहज म्हणून जातो. पण मुळाला तोंड नाही आणि जीभही नाही. मातीच्या कणांभोवती पाण्याचा पातळ थर असतो. त्या पाण्यात जे काही विरघळलेले असेल, त्याचा संबंध थेट मुळाच्या पृष्ठभागाशी आणि त्यावरील मूलरोमांशी येतो.

अशा पाण्यात तणनाशक असते तरी किती? एक हिशेब करा. एका हेक्टरवर 1 किलोग्रॅम तणनाशक पडले आणि ते वरच्या 10 सेंटिमीटर मातीत सारखे मिसळले असे समजू. या थराचे घनफळ 1,000 घनमीटर. एक घनमीटर माती सुमारे 1,300 किलो धरली, तर एकूण माती झाली 13 लाख किलो. म्हणजे एक किलो मातीच्या वाट्याला पाऊण मिलिग्रॅम! त्यातलेही बरेचसे मातीच्या कणांना आणि कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाला चिकटून राहते. पाण्यात उरते ते त्याहून थोडे. एवढ्याशा पदार्थाने तण मरते, याचा अर्थ तो मुळात सहज शिरत असला पाहिजे.

आता मुळाचा आडवा छेद डोळ्यांसमोर आणा. सर्वांत बाहेर त्वचा, तिच्या आत पेशींचे अनेक थर असलेले बाह्यक, त्याच्या आत एकेरी पेशींची अंतस्त्वचा, आणि मध्यभागी पाणी वर नेणाऱ्या जलवाहिन्या. बाह्यकातील पेशींच्या भित्तिका सच्छिद्र असतात. त्यांतून पाणी टीपकागदातून पसरावे तसे आत पसरते. परंतु अंतस्त्वचेच्या पेशींभोवती मेणासारख्या, पाणी न शिरू देणाऱ्या पदार्थाची पट्टी असते. रॉबर्ट कॅस्परी या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने ती ओळखली जाते. या पट्टीमुळे भित्तिकांची आडवाट बंद होते. पुढे जायचे असेल तर जिवंत पेशीचे पटल निदान एकदा तरी ओलांडावेच लागते. मुळाच्या वेशीवरचा हा जकातनाकाच म्हणा ना!

गर्दीकडून मोकळ्या जागेकडे

पाण्याच्या पेल्यात शाईचा थेंब टाका आणि न ढवळता ठेवून द्या. शाई हळूहळू सगळीकडे पसरते. रेणूंची धडपड कोणत्याच एका दिशेने नसते. पण जिथे गर्दी जास्त, तिथून निघणारे रेणू अधिक असतात, त्यामुळे एकंदर ओघ गर्दीकडून मोकळ्या जागेकडे होतो. यालाच विसरण म्हणतात. त्याचे नियम ॲडॉल्फ फिक या जर्मन शास्त्रज्ञाने 1855 साली मांडले.

विसरणाची एक गंमत आहे. अंतर दुप्पट झाले की वेळ दुप्पट नव्हे, चौपट लागतो. बारीक मुळाची त्रिज्या 0.2 मिलिमीटर धरली, तर तणनाशकाच्या आकाराच्या रेणूला एवढे अंतर स्वच्छ पाण्यात कापायला सुमारे 40 सेकंद लागतात. पेशींच्या दाटीत याच्या कित्येक पट वेळ लागेल. तरी हिशेब मिनिटांचाच राहतो. पण हेच अंतर एक मीटर असते तर? 0.2 मिलिमीटरच्या पाच हजार पट अंतर, म्हणजे अडीच कोटी पट वेळ. कित्येक वर्षे! म्हणून विसरण मुळात शिरण्यापुरते कामाचे. शेंड्यापर्यंत जायला जलवाहिनीतला पाण्याचा प्रवाहच लागतो.

हा हिशेब प्रत्यक्षात उतरतो का? 1980च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत याचा कसून अभ्यास झाला. तिथे मक्याच्या शेतात मखमली पानांचे एक तण माजते. आपल्याकडे रस्त्याकडेला उगवणारी, शिक्क्यासारखी गोल फळे येणारी मुद्रा किंवा पेटारी तुम्ही पाहिली असेल. तिच्याच कुळातले ते तण. त्याची मुळे कापून ॲट्राझीनच्या द्रावणात ठेवली. रेणूंचा माग लागावा म्हणून त्यांत कार्बन-14 हा किरणोत्सर्गी कार्बन गुंफला होता. आढळले असे, की अर्ध्या-एक तासात मूळ 'भरते'. त्यापुढे कितीही वेळ ठेवले तरी फारशी वाढ होत नाही. पेशीची ऊर्जा तोडणारी रसायने घातली तरी शोषण फारसे अडत नाही. म्हणजे ॲट्राझीन आत घेण्यासाठी मूळ काहीच कष्ट करीत नाही. ते आपसूक घडते.

नंतर तीच मुळे तणनाशक नसलेल्या स्वच्छ द्रावणात ठेवली. आता गर्दी आत आणि मोकळी जागा बाहेर! आणि काय आश्चर्य, शिरलेल्या ॲट्राझीनचा मोठा भाग ज्या वाटेने आला त्याच वाटेने लवकरच बाहेर पडला.

पाण्याची आवड, तेलाची आवड

पेशीभोवतीचे पटल स्निग्ध पदार्थांच्या दुहेरी थराचे असते. ज्या रेणूंना तेलात विरघळणे मानवते ते या पटलातून सहज पार होतात. ज्यांना केवळ पाणीच प्रिय, ते बाहेर ताटकळतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झुरिक येथे चार्ल्स अर्नेस्ट ओव्हर्टन याने शेकडो पदार्थ तपासून हे दाखवून दिले.

तेलाची ही आवड मोजता येते. ऑक्टॅनॉल हे तेलकट अल्कोहोल आणि पाणी एकत्र घेऊन त्यात पदार्थ घालून हलवतात, आणि दोन थरांत तो किती किती गेला ते पाहतात. ॲट्राझीन पाण्यापेक्षा ऑक्टॅनॉलमध्ये सुमारे 400 पट अधिक जाते.

इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील संशोधनकेंद्रात ब्रिग्ज, ब्रॉमिलो आणि इव्हान्स यांनी सातूच्या रोपांवर प्रयोग करून 1982 साली दोन नियम प्रसिद्ध केले. पहिला असा: पाणीप्रिय पदार्थाचे मुळातील प्रमाण भोवतालच्या द्रावणाच्या सुमारे 0.8 पट इतकेच होते. का बरे? कारण ओल्या मुळाच्या वजनात साधारण तेवढेच पाणी असते. पदार्थ फक्त त्या पाण्यात पसरतो. तेलाची आवड जसजशी वाढते, तसतसा पदार्थ मुळातील स्निग्ध भागातही साठतो. त्यांच्या सूत्रात ॲट्राझीनचा आकडा घातला, तर उत्तर येते जवळजवळ चौपट.

दुसरा नियम अधिक मजेदार आहे. मुळातून वर चढणाऱ्या पाण्यात सर्वाधिक प्रमाण कोणाचे? फार पाणीप्रिय पदार्थ जकातनाक्यावर अडतात. फार तेलप्रिय पदार्थ मुळाच्या स्निग्ध भागातच रुतून बसतात. मधले, म्हणजे तेलाची आवड सुमारे 60 पट असलेले, सर्वांत सुखाने वर जातात. ॲट्राझीन या शिखरापासून फार दूर नाही. बाहेरच्या पाण्यात जितके ॲट्राझीन असेल त्याच्या 0.6 पट तरी वर चढणाऱ्या पाण्यात येईल, असे हे सूत्र सांगते.

वर गेल्यावर काय होते? पानातून पाणी वाफ होऊन उडून जाते, ॲट्राझीन मागे राहते. मिठागरात पाणी उडून मीठ उरावे तसेच! पानात ते प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेतील एका प्रथिनाला चिकटून इलेक्ट्रॉनांची वाट अडवते. सूर्याची ऊर्जा येत राहते, पण तिला वाट मिळत नाही, आणि ती पानालाच जाळते. कडेने करपणाऱ्या सोयाबीनचे कोडे इथे सुटले.

आत सहज, बाहेर कठीण

सगळीच तणनाशके अशी मोकळेपणाने ये-जा करीत नाहीत. 1940च्या दशकात शोधलेले 2,4-डी घ्या. हे एक दुर्बल आम्ल आहे. आम्लधर्मी पाण्यात त्याचे काही रेणू अखंड असतात; अल्कधर्मी पाण्यात जवळजवळ सर्व रेणू हायड्रोजन आयन सोडून देतात आणि स्वतः ऋणभारित आयन होतात. अखंड रेणूला तेल मानवते, भारित आयनाला मानवत नाही. साहजिकच पटलातून अखंड रेणूच आत शिरतो.

आता पाहा. जिवंत मुळाच्या पेशी स्वतःची ऊर्जा खर्चून हायड्रोजन आयन बाहेर टाकत असतात. त्यामुळे त्यांच्या भित्तिकांतील पाणी आम्लधर्मी असते. पेशीद्रव्याचा सामू मात्र 7.3च्या आसपास राहतो. बाहेर सामू 4.8 असेल, तर 2,4-डीच्या दर अखंड रेणूमागे सुमारे 100 आयन असतात. आत 7.3 सामूला हेच प्रमाण एकास 31,000 हून अधिक! अखंड रेणूंची संख्या आत-बाहेर समान होईपर्यंत शोषण चालू राहते. पण आत आलेला प्रत्येक रेणू लगेच आयन बनतो, म्हणून समानता येईपर्यंत आतला एकूण साठा बाहेरच्या सुमारे 300 पट व्हावा लागतो. ही झाली कागदावरची कमाल मर्यादा. प्रत्यक्षात थोडे आयनही पटलातून झिरपतात, त्यामुळे आकडा बराच कमी भरतो. पण तत्त्व पक्के आहे. उंदराच्या पिंजऱ्यासारखे दार आत उघडते, बाहेर उघडत नाही.

वनस्पतींतील ऑक्सिन या वाढ घडवणाऱ्या नैसर्गिक द्रव्यासाठी हे स्पष्टीकरण 1970च्या दशकात केंब्रिज येथे रूबेरी आणि शेल्ड्रेक यांनी मांडले. 2,4-डी हे ऑक्सिनचेच सोंग घेते. पुढे असेही कळले की ऑक्सिन आत आणणारी खास प्रथिने पटलात असतात आणि तीसुद्धा या सोंगाला फसतात. पेशीची ऊर्जा तोडली की हायड्रोजन आयनांचा पंप थांबतो आणि पिंजरा निकामी होतो. म्हणजे 2,4-डीला अडकवणारा हा पिंजरा मूळ स्वतःच्याच श्रमाने उभारते!

करून पाहा

तणनाशक प्रत्यक्ष हाताळण्याचे धाडस मुळीच करू नका. हीच ये-जा शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली निराळ्या पदार्थांनी पाहता येते. एका परीक्षानळीत अर्धी नळी पाणी घेऊन त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. वर औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅरफिन दोन सेंटिमीटर ओता, बूच लावून हलवा आणि स्थिर ठेवा. आयोडीन पाण्यातून तेलकट थरात जाते. तो थर जांभळट-गुलाबी होतो. हे झाले शोषण.

आता हा रंगीत थर पिपेटने दुसऱ्या नळीतील स्वच्छ पाण्यावर सोडा आणि हलवा. पाण्याला किंचित पिवळसर छटा आली, तर थोडे आयोडीन परत फिरले असे समजा. पाणी बदलून पुन्हा करा. दर खेपेला थोडे थोडे निघत जाईल. हे झाले ॲट्राझीनचे बाहेर पडणे.

शेवटी त्याच नळीत धुण्याच्या सोड्याचे द्रावण घालून हलवा. तेलकट थराचा रंग नाहीसा होतो. सोड्यामुळे आयोडीनचे आयन बनले, आणि आयनांना तेलात प्रवेश नाही! इथली रासायनिक क्रिया 2,4-डीपेक्षा वेगळी आहे. परंतु 'आयन झाला की परतीची वाट बंद' हा धडा तोच.

मका का मरत नाही?

तुमच्या मनात एक शंका आली असेल. ॲट्राझीन तणाच्या मुळात जसे शिरते तसे मक्याच्या मुळातही शिरते. मग मका कसा वाचतो? मक्याच्या पेशी ॲट्राझीनच्या रेणूला ग्लुटाथायोन नावाचा एक मोठा, पाणीप्रिय रेणू जोडून टाकतात. जोडलेला रेणू निरुपद्रवी असतो. ज्वारी आणि ऊस हेही अशाच युक्त्यांनी तग धरतात. सोयाबीनला हे पुरेशा वेगाने जमत नाही. पीक कोणते आणि तण कोणते हे मुळाच्या वेशीवर ठरत नाही. ते आत गेल्यावर पाहुण्याचे काय होते यावर ठरते.

आणखी एक गोष्ट. पानावर फवारलेली काही तणनाशके झाडातून खाली उतरून मुळांवाटे मातीत पाझरतात. 1954 साली अमेरिकन शास्त्रज्ञांनी वाढीवर परिणाम करणारे एक रसायन एका रोपाला दिले, तर ते मुळांवाटे निघून शेजारच्या रोपात पोचलेले आढळले. मूळ ही एकेरी वाट नाही, याचा हा आणखी एक पुरावा.

अण्णांना काय सांगितले?

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊ. मी त्याला तीन गोष्टी सांगितल्या.

पहिली, पानात पोचलेले ॲट्राझीन परत येणार नाही. ते फक्त जलवाहिनीतून चढते आणि तिथला प्रवाह वरच्याच दिशेने असतो. दुसरी, मुळातले ॲट्राझीन बाहेर पडेल, पण भोवतालचे पाणी स्वच्छ असेल तरच. प्रयोगशाळेत द्रावण बदलता येते. शेतात मातीच्या कणांना चिकटलेले ॲट्राझीन सुटून नव्या पाण्यात येत राहते. ते मातीत निम्मे होण्यास साधारण दोन महिने लागतात, आणि आपल्या काळ्या, अल्कधर्मी जमिनीत त्याचे विघटन सावकाश होते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. भरमसाट पाणी सोडले तर जे मातीतून सुटेल ते जाणार कुठे? खाली. आणि खाली आहे ती त्यांचीच विहीर. भूजलात सापडत राहिले म्हणूनच 2004 साली युरोपीय संघाने ॲट्राझीनला मान्यता नाकारली. अमेरिकेत त्याचा वापर चालू आहे, पण पिण्याच्या पाण्यात एक अब्ज भागांत 3 भाग एवढीच मर्यादा घातलेली आहे.

विद्यार्थी थोडा हिरमुसला. पण त्याने घरी सारे नीट समजावून सांगितले. अण्णांनी पाणी सोडले नाही. जिथे सोयाबीन पार गेले होते त्या तुकड्यात त्यांनी जनावरांसाठी ज्वारीचे कडवळ पेरले. ते चांगले आले. उरलेल्या सोयाबीनने थोडेफार दिले. तोटा झाला तो झाला. विहीर मात्र वाचली. यंदा फवारणीपूर्वी डब्यावरचे माहितीपत्रक घरात मोठ्याने वाचले गेले, असे तो परवाच सांगत होता.

'तण खाई धन' ही म्हण खरीच आहे. खुरपणीला माणसे मिळत नाहीत, हेही खरे. म्हणून तणनाशके शेतात येत राहणार. पण आपण फवारलेला पदार्थ तणाने 'खाऊन टाकला' असे समजू नका. मुळाला जसे आत घेण्याचे दार आहे तसेच बाहेर सोडण्याचेही आहे, आणि त्या दोन्ही दारांवर विसरणाचा एकच नियम चालतो.

जाता जाता एक प्रश्न. तणनाशक दिलेले तण उपटून बांधावर कुजत टाकले, तर त्याच्या मुळांतील ॲट्राझीनचे आणि 2,4-डीचे काय होईल? पेशी मेल्यावर पंप चालेल का? पिंजरा टिकेल का? विचार करा आणि आपल्या शिक्षकांशी बोला.